ठोकळ्यांची रेल्वे घरी धाववायची तर किती पैसे लागतात?

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. टोलनाका, ढाबे, रात्रंदिवस ट्रक आणि कोजागरीला सोलापूरहून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ. इथल्या मुलांना रेल्वे बघायची तर सोलापूर गाठावं लागतं, नाहीतर धाराशिव. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापुरात झाली. तेव्हापासून मुलांच्या बोलण्यात रेल्वे सारखी येते. माझी पुतणी सातवीत आहे. तिने मागच्या सुट्टीत विचारलं, "काका, आपण ठोकळ्यांची रेल्वे केली तर किती पैसे लागतील?" उत्तर शोधण्यात तीन महिने आणि काही चुकीच्या खरेद्या गेल्या. तो सगळा हिशेब इथे मांडतो आहे. आकडे ढोबळ आहेत, पण कुठला खर्च मोठा आणि कुठला लहान हे त्यांतून नीट कळेल.

पहिली गोष्ट, पैसा ठोकळ्यांत जात नाही. तो चाकांत, डबे जोडणाऱ्या कड्यांत आणि रुळांत जातो. दुकानात मात्र आपण ठोकळ्यांची मोठी बादली बघून खूश होतो आणि घरी आल्यावर कळतं, की यात रेल्वेचं एकही चाक नाही.

आराखडा फुकट होतो

ठोकळा हातात घेण्याआधी गाडी संगणकावर जुळवा. ब्रिकलिंक स्टुडिओ नावाची प्रणाली फुकट मिळते. तिच्यात हजारो प्रकारचे ठोकळे पडद्यावर एकमेकांत बसवता येतात आणि शेवटी कुठल्या रंगाचे किती नग लागतील याची यादीही निघते. ही यादी म्हणजेच आपलं अंदाजपत्रक. रुळांची मांडणी आखायला ब्लूब्रिक नावाची वेगळी प्रणाली आहे, तीही फुकट. घरी संगणक नसेल तर वहीचा चौकटीचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे एक बटण. (ठोकळ्याच्या माथ्यावरच्या गोल उंचवट्यांना मुलं बटणं म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

मापं पाठ असू द्या. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आजच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितलं. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात अजून बसतो. इतर कंपन्यांचे सुसंगत ठोकळेही याच मापावर निघतात, म्हणून मिसळून वापरता येतात. रेल्वेचे रूळ लेगोने १९६६ मध्ये आणले. दोन रुळांमधलं अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर, आणि तेच माप आज टिकून आहे.

आता आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ३७.५ ने भागलं तर प्रमाण येतं सुमारे १:४५. या प्रमाणात डबा नऊ बटणं रुंद आणि पासष्ट बटणं लांब होईल. घरगुती वळणावर तो चालणारच नाही. म्हणून बहुतेक लोक गाडी सहा किंवा आठ बटणं रुंद करतात. सहा बटणांच्या गाडीचं प्रमाण साधारण १:६७ पडतं. रूळ त्या मानाने रुंद दिसतात, पण डोळ्याला ते खटकत नाही. पैशांचा विचार केला तर सुरुवातीला सहाच बटणं बरी. आठ केलीत की ठोकळे दीडपटीहून जास्त लागतात.

पहिली गाडी कुठली?

पुतणीला वंदे भारत हवी होती. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत धावते, तिने ती स्थानकावर पाहिली आहे. मी तिला नाही म्हटलं, आणि त्याची कारणं खर्चाची होती. एक तर त्या गाडीचं नाक वळणदार आहे आणि वळणदार तुकडे साध्या ठोकळ्यांपेक्षा कितीतरी महाग पडतात. दुसरं, तिचे लांब डबे. २३.५४ मीटरचा डबा सहा बटणांच्या प्रमाणात ४४ बटणं लांब होतो. रुळाच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० बटणं, म्हणजे ३२ सेंटिमीटर. त्या वळणावर एवढ्या डब्याचं पोट आतल्या बाजूला सुमारे दोन सेंटिमीटर सरकतं आणि फलाटाला घासतं.

म्हणून आम्ही मालगाडीची वाघीण निवडली. पक्की उघडी वाघीण, रेल्वेच्या भाषेत बॉक्सएन. सोलापूरच्या वीज प्रकल्पाकडे कोळसा घेऊन जाणाऱ्या अशा वाघिणी मुलांनी होटगीच्या बाजूला पाहिलेल्या असतात. खरी वाघीण १०.७ मीटर लांब आणि ३.२ मीटर रुंद. आपल्या प्रमाणात ती वीस बटणं लांब आणि सहा रुंद बसते, कुठे काटछाट करावी लागत नाही. वळणावर तिचं पोट जेमतेम साडेतीन मिलिमीटर सरकतं. चार सरळ भिंती, एक रंग, वळणदार तुकडा एकही नाही. नवशिक्याला याहून चांगला नमुना मला सापडला नाही.

तिचा हिशेब असा. भिंतीच्या एका थराला चार बटणांचे बाराएक ठोकळे, तीन थरांना छत्तीस. तळाच्या पट्ट्या, त्यांना खालून बांधणाऱ्या पट्ट्या आणि किरकोळ तुकडे धरून सत्तर नग. सुसंगत बनावटीचा सुटा ठोकळा सरासरी ३ रुपये धरा, म्हणजे २१० रुपये. खाली चाकांच्या चार जोड्या लागतात, जोडी ८० रुपये, म्हणजे ३२०. दोन टोकांना चुंबकाच्या कड्या, ६० रुपयांप्रमाणे १२०. एकूण ६५०. ठोकळ्यांच्या दुप्पट पैसे चाकं आणि कड्यांना गेले. घरात आधीचे ठोकळे पडलेले असतील तर फक्त ४४० रुपयांत वाघीण उभी राहते. म्हणून सांगतो, आधी घरातल्या डब्यात काय आहे ते मोजा.

चाकांत काटकसर करू नका. मी एकदा ऑनलाइन स्वस्त चाकं मागवली होती. एका जोडीची दोन चाकं एका मापाची नव्हती आणि दांड्यावर डुगडुगत होती. वाघीण पहिल्याच वळणावर उतरली, परत करायची मुदत संपली होती, आणि तीच खरेदी दुसऱ्यांदा करावी लागली.

रूळ आणि जागा

पूर्ण गोलाला वक्र रुळाचे सोळा तुकडे लागतात. गोलाचा व्यास मध्यरेषेवर ६४ सेंटिमीटर, स्लीपर धरून ७० च्या थोडा वर. सरळ तुकडा १२.८ सेंटिमीटरचा. सहा फूट बाय तीन फुटांच्या दिवाणावर सोळा वक्र आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ सरळ तुकडे आरामात बसतात. सुसंगत रूळ नगाला ४० रुपये धरा, बत्तीस नगांचे १२८० रुपये. सांधा, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर नेणारा तुकडा, पहिल्या वर्षी घेऊ नका. तो महाग असतो आणि नवख्या गाड्या तिथेच घसरतात.

आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर रूळ मांडले तर फरशीच्या सांध्यावर ते उचलले जातात. दिवाण, जुनं दार किंवा प्लायवूडचा तुकडा बरा. तुळजापूरचा घाट करायची हौस प्रत्येक मुलाला असते. करा, पण एका सरळ तुकड्यामागे एका पट्टीपेक्षा जास्त चढ देऊ नका. हा चढ ४० ला १ पडतो, आणि खंडाळ्याच्या घाटात खऱ्या गाडीला ३७ ला १ चढताना मागून जादा इंजिन लावावं लागतं. आपल्या मोटारीकडून याहून जास्त मागू नये.

इंजिन

इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे लेगोचा रेल्वेचा पूर्ण खोका. त्यात रूळ, मोटार, मोबाइलवरून किंवा रिमोटने चालणारा पॉवर्ड अप संच असं सगळं येतं. त्यासाठी पंधरा ते वीस हजारांची तयारी ठेवा. एवढी किंमत का, असं लोक विचारतात. माल परदेशातून येतो आणि खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. दर्जा उत्तम आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गाडी आपली आपण जुळवायला शिकायची तर तयार खोक्यापासून सुरुवात करायची गरज नाही. परदेशातून सुटे भाग पार्सलने मागवाल तर शुल्क आणि टपालखर्च मिळून पाचशेची वस्तू हजारावर जाऊ शकते, आणि पार्सल अडकून पडू शकतं.

दुसरी वाट आमची. मिनिटाला २०० फेऱ्यांची लहान गिअरमोटार, दुकानदार तिला एन-ट्वेंटी म्हणतात, सुमारे २०० रुपये. तिचा दांडा ठोकळ्याच्या आसाला जोडणारा तुकडा थ्रीडी प्रिंटरवर काढून घ्यायचा, शंभर रुपये. सेल ठेवायची पेटी ४०, चालू-बंद करायचं बटण १०, चार पेन्सिल सेल ८०. एकूण ४३०. चाकाचा व्यास साधारण १७ मिलिमीटर असल्याने गाडी सेकंदाला १८ सेंटिमीटर जाते. सेल नवे असतील तर दोन मीटरचा गोल अकरा सेकंदांत पुरा होतो. मोटार आणि बटण सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. थ्रीडी प्रिंटर अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांमध्ये असतो, गुरुजींना विचारून बघा. आमच्याकडे वीज जाते-येते, त्यामुळे सेलवरची गाडीच सोयीची. रोज खेळणार असाल तर चार्ज होणारे सेल घ्या. चार्जरसह हजारभर लागतील, पण वर्षभरात ते वसूल होतात.

इंजिनाचे ठोकळे २५० धरले तर ७५० रुपये, चाकं ३२०, कड्या १२०, मोटारीचं सामान ४३०. एकूण १६२०. तीन वाघिणी १९५०. रूळ १२८०. कुरिअरचे ३०० धरले की धावणारी मालगाडी ५१५० रुपयांत होते. त्यांपैकी ठोकळ्यांचे फक्त १३८०. आम्ही ही रक्कम एकदम खर्च केली नाही. जूनमध्ये एक वाघीण, जुलैमध्ये दुसरी, मग रूळ आणि शेवटी इंजिन. ज्याला परवडत नाही त्याने वाघिणीवर थांबलं तरी हरकत नाही.

बार्शी लाइट रेल्वे आठवणारी माणसं या भागात अजून आहेत. १८९७ मध्ये ती बार्शीपर्यंत आली, १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली आणि तिचे रूळ फक्त ७६२ मिलिमीटर अंतरावर होते. आपल्या प्रमाणात ते अंतर ११ मिलिमीटर होतं, म्हणजे दीड बटण. त्या मापाचे तयार रूळ मिळत नाहीत. पण आजोबांसाठी पट्ट्यांचे रूळ करून त्यावर तिचं इंजिन नुसतं उभं करायचं तर मोटार नको आणि खरी चाकंही नकोत. तीनशे-चारशे रुपयांत कपाटावर ठेवण्याजोगी वस्तू होते.

खरेदी करताना

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाजवळ परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. जत्रेतल्या किंवा ऑनलाइनच्या बिनचिन्हाच्या खोक्यात चाकं वाकडी असण्याची भीती तर आहेच, रंग आणि प्लॅस्टिक कसलं हेही कळत नाही. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चुंबकाच्या सुट्या कड्या अजिबात आणू नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून इजा करतात, आणि मग शस्त्रक्रियाही करावी लागू शकते. त्याऐवजी आकड्याची साधी कडी ठोकळ्यांतूनच करता येते.

पक्कं बिल घ्या. खोका उघडताना मोबाइलवर चित्रण करा, सुटे नग कमी निघाल्यास तोच पुरावा ठरतो. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी तामलवाडीच्या माणसाला धाराशिवच्या पुढे जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

ठेवण्याबद्दल एक सांगतो. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात गाडी उघडी ठेवू नका. पांढरे ठोकळे उन्हाने पिवळे पडतात, आणि आसात बसलेली धूळ मोटारीवर ताण आणते. झाकणाचा डबा आणि महिन्यातून एकदा जुना टूथब्रश, एवढं पुरतं.

पुण्याला जाणं झालं तर कर्वे रस्त्यावरचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय मुलांना दाखवा. भाऊ जोशींनी उभारलेलं ते संग्रहालय १९९८ पासून खुलं आहे. तिथल्या गाड्या ठोकळ्यांच्या नाहीत, पण सिग्नल, सांधे आणि वळणं कशी आखायची हे तिथे डोळ्यांनी शिकता येतं.

आणि एक विनंती. पहिली वाघीण झाली की ती रुळावर ठेवून हाताने हलकेच ढकला. वळणावर न अडता ती निदान अर्धा गोल गेली, तरच मोटारीचे ४३० रुपये खर्च करा.