इको नॉर्मल आला, तरी गोळी चालूच ठेवा

एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या आजाराचे रुग्ण इकोचा रिपोर्ट पुढे करून हमखास विचारतात, “डॉक्टर, इको तर नॉर्मल आहे. मग रक्त पातळ करणारी गोळी कशाला?”

निदान ईसीजीवर होतं. इको सांगतो ते हृदयाच्या स्थितीबद्दल: डावा वरचा कप्पा किती ताणलाय, पंपिंग किती टक्के आहे, झडपा कशा आहेत. पंपिंग 40 टक्क्यांच्या खाली असेल, तर ठोके आवरायला डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल आम्ही देत नाही. झडपांचं तर फारच महत्त्वाचं. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसलेले रुग्ण आपल्याकडे अजूनही येतात. हे आकसणं मध्यम किंवा जास्त असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या नव्या, महागड्या गोळ्या नकोत. वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच हवी, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, साधारण 2 ते 3 मध्ये राखायला हवा.

आता रक्ताच्या ज्या गुठळीसाठी ही गोळी देतात, तिच्याबद्दल. डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी असते. झडपेचा आजार नसलेल्यांमध्ये सुमारे 90 टक्के गुठळ्या तिथेच होतात, आणि छातीवरून केलेल्या इकोत नेमका तोच कोपरा नीट दिसत नाही. तो बघायला अन्ननलिकेतून इको करतात, त्याला टीईई म्हणतात. सहा तास उपाशी राहायचं, कवळी काढायची, घसा बधिर करणारा फवारा मारला की डाव्या कुशीवर झोपून नळी गिळायची. गिळताना एरवी घास अडकत असेल, तर आधीच सांगा. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीही पिऊ नका.

ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. ठोके बिघडून 48 तास उलटलेत आणि शॉक देऊन ते सुरळीत करायचेत, तर आधी तीन आठवडे गोळी घ्यावी लागते; तेवढं थांबायचं नसेल तर टीईई करून गुठळी नसल्याची खात्री करतात. शॉकनंतरही निदान चार आठवडे गोळी घ्यावीच लागते.

कायमची गोळी हवी की नको, हे मुख्यतः वय, ब्लडप्रेशर, मधुमेह, हार्ट फेल्युअर आणि पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरतं. नॉर्मल इकोने गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका पुसला जात नाही. म्हणून रिपोर्ट पाहून गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर लगेच 108 ला फोन करा.