आरएक्स १००ला डिस्क ब्रेक बसवावा का?

प्रश्न : माझ्याकडे १९९४ची यामाहा आरएक्स १०० आहे. खंबाटकी उतरताना ब्रेक कमी पडतात. दुसऱ्या गाडीची डिस्क बसेल का? – एक वाचक, रहिमतपूर

उत्तर : नुसती डिस्क आणून भागत नाही. तुमच्या फोर्कला कॅलिपर अडकवायची सोयच नाही. ती वेल्डिंगने करू नका. फोर्क, चाक, एक्सल, कॅलिपर, मास्टर सिलिंडर एकाच मॉडेलचे घ्या. कॅलिपर मोठा नि मास्टर सिलिंडर लहान पडला, तर लिव्हर मुठीला टेकतो.

त्याआधी ड्रम उघडा. लायनर चकाकत असतील तर पॉलिश पेपर मारा, तेलकट असतील तर बदला. ब्रेक दाबल्यावर केबल आणि ड्रमवरचा आर्म काटकोनात यायला हवेत. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक कमीच, म्हणून उतारावर वेग आधीच आवरा. बदल करायचाच, तर पहिल्यांदा आरटीओत विचारा.