‘एवढंसं कुत्रं काय करतंय?’

आमचा शेरा कारवान जातीचा कुत्रा आहे. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. विद्यानगरात त्याला फिरवायला काढलं की बायका पोरांचे हात धरून रस्त्याच्या पलीकडे जातात. ‘शिकारी जात, भरवसा नाही,’ हे ऐकून माझे कान किटलेत. त्याच रस्त्यावर एक पांढरं पामेरियन मोकळं फिरायचं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावायचं. त्याला मात्र सगळे म्हणायचे, ‘किती गोड!’

गेल्या पावसाळ्यात त्या गोडाचे दात माझ्या पोटरीत रुतले. शेरा दोरीला होता. पामेरियन फाटकातून सुसाट आलं ते थेट त्याच्या मागच्या पायाशी. मी मध्ये गेले, तर माझाच लचका तोडला. शेरा गुरगुरला, एवढंच. मालक धावत आले ते ओरडतच, ‘वहिनी, आधी तुमचं ते जनावर आवरा!’ माझ्या सलवारीला रक्त, आणि हे आपल्या कुत्र्याला कडेवर घेऊन विचारतायत, ‘लागलं का रे बाळा?’ जमलेल्यांपैकी एकानं ज्ञान पाजळलं, ‘असल्या कुत्र्यांवर सरकारनं बंदी आणलीय.’ म्हणजे शेरावर!

आता सांगते ते ऐका. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं. त्यात पिटबुल होता, रॉटवायलर होता. आपला कारवान नव्हता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्दही केलं. उलट याच कारवानच्या, म्हणजे मुधोळ हाउंडच्या, नावे टपाल खात्यानं २००५ साली तिकीट काढलंय. पण रस्त्यावर जमलेल्या गर्दीला हे कोण सांगणार?

मी एकच विचारलं, ‘भाऊजी, रेबीजची लस कधी दिलीय?’

ते हसले. ‘अहो, घरातलं कुत्रं आहे. आमच्या गादीवर झोपतं. त्याला कशाला लस?’

माझ्या पोटात गोळा आला. पोटरीची आग त्या क्षणी विसरले. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, आणि हा गृहस्थ मला गादी सांगत होता.

शेजारच्या काकू चुना घेऊन आल्या. लावू दिला नाही. तुम्हीही चुना, हळद, तिखट काही लावू देऊ नका. नळ मोठा सोडून साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावं लागतं. ते डॉक्टरांना आठवणीनं विचारा. दंडात घ्यायची लस पहिल्या दिवशी, मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. बरं वाटलं म्हणून शेवटची चुकवू नका.

चावणारं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, पण तोवर लसीसाठी थांबायचं नसतं. आमच्या या भाऊजींनी काय करावं? कुत्रं गुपचूप तासगावला सासुरवाडीला धाडलं! पोलिसांत जाते म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी परत आलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे जनावराबाबत हलगर्जीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात कुत्र्याची उंची विचारलेली नाही. म्हणून चावल्या दिवशीच कुत्र्याचा फोटो काढा, लसीच्या कार्डाचाही मागा. कार्ड नाही म्हणाले तर तेवढंच लिहून घ्या.

छोटी कुत्री पाळणाऱ्यांनी जरा विचार करावा. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी बघून किती घरांत ही पांढरी पिल्लं आली! कडेवरचं पिल्लू पाहुण्यावर गुरगुरलं की सगळे हसतात. शेरा तसा गुरगुरला असता तर दगड पडला असता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली मालकांकडून माहिती गोळा केली, तेव्हा माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर धावून जाण्यात डॅशहुंड आणि चिवावा हे बुटकेच सरासरीच्या वर निघाले. दोष कुत्र्याचा नाही. त्याला कुणी ‘नको’ म्हणायलाच शिकवलेलं नसतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. फाटकाबाहेर दोरी. प्रेम करा, वेळ द्या, हे तर सगळेच सांगतात.

आता सोसायटीच्या सभेत याच भाऊजींनी सूचना मांडलीय, शेराला मुसकं घालूनच बाहेर काढावं. त्यांच्या कुत्र्याला अजून दोरी नाही. त्या कागदावर मी सही करणार नाही. आधी त्यांनी लसीचं कार्ड टेबलावर ठेवावं.