आंबा आपला, पत्ता आपणच सांगावा

रत्नागिरीचा हापूस सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो पिकवणारा बागाईतदार किती जणांना ठाऊक आहे?

मोहोर आला की बागाईतदाराची झोप उडते. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणे, एक ना दोन. खर्च आधी होतो, पैसा मागाहून येतो. पेटी वाशीच्या बाजारात जाते आणि तिथे भाव ठरतो. आंबा खाणाऱ्याची आणि पिकवणाऱ्याची कधी गाठ पडत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. दुसरीकडचा आंबाही 'रत्नागिरी हापूस' म्हणून विकला जातो. गिऱ्हाईक फसते आणि बदनाम होतो आपला आंबा.

म्हणून पुष्कळ बागाईतदारांनी आता स्वतःची वेबसाइट काढली आहे. वेबसाइट म्हणजे इंटरनेटवरचे आपले दुकान. पण दुकान आडवाटेला असले तर गिऱ्हाईक येणार कसे? त्याला वाट दाखवावी लागते. ती कशी दाखवावी, हे या धड्यात वाचू.

यंत्र कसे शोधते?

गिऱ्हाईक फोन हातात घेते. दोन-चार शब्द लिहिते, नाहीतर बोलते. लगेच उत्तरांची यादी समोर येते. हे काम करणाऱ्या यंत्रणेला शोधयंत्र म्हणतात. गुगल हे त्यांतले सर्वांत मोठे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी १९९८ साली अमेरिकेत ही कंपनी काढली.

शोधयंत्र तीन कामे करते.

पहिले काम फिरण्याचे. एका पानावर दुसऱ्या पानाची वाट लिहिलेली असते. तिला दुवा म्हणतात. यंत्र दुव्यामागून दुवा धरीत पाने वाचत जाते.

दुसरे काम नोंदीचे. वाचलेले पान ते आपल्या नोंदवहीत टिपून ठेवते. तलाठ्याच्या दप्तरात सात-बारा असतो ना, तसेच हे. नोंद नसेल तर पान असून नसल्यासारखे.

तिसरे काम क्रम लावण्याचे. कोणते पान विचारणाऱ्याच्या जास्त उपयोगाचे, हे यंत्र ठरवते. ते पान वर दाखवते, बाकीची खाली.

माणसे बहुधा वरची चार-सहा नावे बघतात. खालपर्यंत फार थोडे जातात. म्हणून क्रमाला महत्त्व आहे.

काका आणि पुतणी

पावसजवळच्या एका वाडीतले एक बागाईतदार काका. त्यांनी वेबसाइट करून घेतली होती. कॉलेजात शिकणारी पुतणी सुटीत घरी आली, तेव्हा काका तिला म्हणाले, "काय गो, ही वेबसाइट काढून दोन हंगाम झाले. एक फोन आला नाही. पैसे पाण्यात गेले की काय?"

पुतणीने पान उघडले. वर बागेचे नाव होते. खाली 'सुस्वागतम्' होते. त्याखाली छापील पत्रकाचा फोटो होता. भाव, पत्ता, फोन, सगळे त्या फोटोत.

ती म्हणाली, "काका, मुंबईच्या माणसाला आपल्या बागेचे नाव माहीत आहे का?"

"त्याला कसे असणार?"

"मग तो काय लिहून शोधील?"

काका जरा थांबले. "लिहील, रत्नागिरी हापूस. नाहीतर, हापूस पेटीचा भाव. नाहीतर, पुण्यात घरपोच आंबा."

"यांतला एक तरी शब्द पानावर आहे?"

"त्या फोटोत आहे की!"

"फोटोतली अक्षरे यंत्र नीट वाचील, याचा भरवसा नाही. शब्द पानावरच लिहायला हवेत."

काका हसले. "म्हणजे मी माझे नाव ओरडत बसलो, आणि गिऱ्हाईक आंब्याचे नाव घेऊन हिंडत होते!"

अर्धे काम इथेच झाले. गिऱ्हाईक जे शब्द वापरते, ते शब्द आपल्या पानावर असावेत.

पानावर काय लिहावे?

दोघांनी मिळून पान पुन्हा लिहिले. तुम्हीही असेच लिहा.

पानाला स्पष्ट मथळा द्या. 'सुस्वागतम्' नको. 'रत्नागिरी हापूस, थेट बागेतून' असा असावा. यादीत गिऱ्हाइकाला आधी मथळाच दिसतो.

गाव, तालुका, जिल्हा लिहा. पेटी किती डझनांची, भाव काय, कोणत्या शहरांत पोचते, किती दिवसांत, हे सांगा. आंबा झेल्याने देठासकट काढता का, अढीत कसा पिकवता, तेही सांगा. साका बाहेरून दिसत नाही. फळात साका निघाला तर तुम्ही काय करता, हे आधीच लिहून ठेवा. गिऱ्हाइकाच्या मनात हाच प्रश्न असतो.

कोणी 'हापूस' लिहितो, कोणी 'अल्फान्सो'. दोन्ही शब्द पानावर येऊ द्या. प्रत्येक चित्राखाली ते कशाचे आहे हे लिहा.

पान फोनवर लवकर उघडले पाहिजे. मोठमोठे फोटो घातले तर ते रखडते. गिऱ्हाईक वाट बघत नाही, पुढे जाते.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला ते आहे. हे चिन्ह वापरायचे तर बागाईतदाराने स्वतःची नोंदणी करावी लागते. तुमची नोंदणी झाली असेल तर तसे पानावर लिहा. झाली नसेल तर चिन्ह लावू नका.

गुगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची जागा नोंदवता येते. त्याला पैसे पडत नाहीत. नाव, पत्ता, फोन आणि वेळ बरोबर भरा. 'सर्च कन्सोल' नावाचे गुगलचे साधनही फुकट आहे. कोणते शब्द लिहून लोक आपल्या पानावर आले, ते त्यात दिसते.

घाई उपयोगी नाही

अढीतला आंबा एका रात्रीत पिकत नाही. पानाचेही तसेच आहे. काही बदल यंत्राच्या ध्यानात लवकर येतात, काहींना महिने लागतात. म्हणून आंबा उतरू लागल्यावर पान लिहायला बसू नका. दिवाळी झाली की लिहा. मार्चपर्यंत ते नोंदीला लागलेले असावे.

काही जण आडवाट धरतात. एकाच पानावर 'हापूस हापूस हापूस' असे पन्नास वेळा लिहितात. पैसे देऊन दुवे विकत घेतात. खोटी शिफारस लिहून घेतात. हा कारबाईडचा आंबा झाला. वरून पिवळा, आत आंबट. कारबाईडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. या लबाड्यांनाही गुगलच्या नियमांत बंदी आहे. अशी पाने खाली ढकलली जातात, कधी यादीतून काढूनही टाकली जातात.

खरा दुवा मागून घ्यावा. तुमचा आंबा नेणारा दुकानदार, तुमची सहकारी संस्था, गावातले निवासगृह यांना सांगा की तुमच्या पानावर आमच्या बागेचा पत्ता द्या. चार भल्या माणसांनी नाव घेतले की गावात पत वाढते. यंत्रही तसाच हिशेब करते.

पैसे कशाला पडतात?

यादीत वर येण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. तसे त्यांनीच लिहून ठेवले आहे. जाहिरात ही गोष्ट वेगळी. तिला पैसे पडतात आणि तिच्यावर जाहिरात असल्याची खूण असते. कोणी जाहिरातीवर बोट ठेवले की बहुधा त्याचे पैसे लागतात, मग आंबा विकला जावो वा न जावो. द्यायचीच तर हंगामात द्या, आणि रोजचा खर्च आधी ठरवून द्या.

"तुम्हाला पहिला नंबर नक्की मिळवून देतो," असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. तसा शब्द कोणालाच देता येत नाही. "गुगलमधून बोलतो," म्हणून फोन आला आणि ओटीपी मागितला, तर तो देऊ नका. वेबसाइटचे नाव आणि तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, आपल्याच ताब्यात ठेवा. पान दुसऱ्याने करून दिले तरी घर आपल्या नावावर हवे.

काकांच्या पानाचे काय झाले? पुढच्या हंगामात फोन येऊ लागले. सगळ्या पेट्या तशा गेल्या नाहीत. निम्म्याहून अधिक वाशीलाच गेल्या. पण जी घरे एकदा जोडली गेली, त्यांना काकांचे नाव आणि गाव कळले. भाव काकांनी स्वतः सांगितला.

यंत्र आंबा गोड करीत नाही. ते फक्त पत्ता सांगते. खऱ्याने आपला पत्ता लिहिला नाही, तर गिऱ्हाईक खोट्याच्या दारात जाते.

सांगा पाहू

१. शोधयंत्र कोणती तीन कामे करते?
२. काकांच्या पहिल्या पानात काय उणे होते?
३. पान कधी लिहावे? का?
४. जाहिरात आणि यादीतले साधे नाव यांत फरक काय?
५. तुमच्याकडे विकण्यासारखे काय आहे? ते शोधताना गिऱ्हाईक कोणते शब्द लिहील? असे पाच शब्द वहीत लिहा.