मनगटी घड्याळाची परीक्षा : दोष कसा ओळखावा व अस्सलपण कसें पारखावें

विद्यार्थिमित्रहो, परीक्षागृहांत मोबाईल फोन नेण्यास मनाई असते. तेव्हां मनगटावरील साध्या घड्याळाचें खरें मोल तुम्हांस कळतें. तेंच घड्याळ ऐन वेळीं बंद पडलें म्हणजे मन अस्वस्थ होतें. बाजारांत नेलें तर कोणी म्हणतो, "मशीन गेलें", कोणी म्हणतो, "हें मुळीं नकलीच आहे, टाकून द्या." अशा वेळीं ज्यास घड्याळाच्या रचनेचें थोडेंसेंही ज्ञान नाहीं, त्यास दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून प्रस्तुत लेखांत दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे : घड्याळ बिघडलें कशानें, आणि तें अस्सल कीं बनावट. दोहोंची विचारपद्धति एकच. लक्षणें नीट पाहावीं, एकेक शक्यता दूर करावी, आणि पुरावा नेईल तेथवरच जावें.

१. घड्याळ चालतें कसें

हल्लींच्या बहुतेक घड्याळांस क्वार्ट्‌झ घड्याळें म्हणतात. क्वार्ट्‌झ म्हणजे आपल्याकडील गारगोटीच्या जातीचा स्फटिक. इ. स. १८८० मध्यें झाक व पियेर क्यूरी या फ्रेंच बंधूंनीं दाखवून दिलें कीं, अशा स्फटिकावर दाब दिला असतां त्यावर विद्युत् उत्पन्न होते. उलटपक्षीं, विद्युत् लावली असतां स्फटिकाचा आकार किंचित् बदलतो, आणि त्यामुळें तो कंप पावूं शकतो. या गुणाच्या आधारें १९२७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत पहिलें क्वार्ट्‌झ घड्याळ तयार झालें. तें मनगटावर येण्यास आणखी बेचाळीस वर्षें लागलीं. ता. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सेइको कंपनीनें 'ॲस्ट्रॉन' नांवाचें मनगटी क्वार्ट्‌झ घड्याळ विक्रीस आणलें. त्याची किंमत ४,५०,००० येन होती.

घड्याळाच्या पोटांत एक लहान सेल असतो. त्याच्या शक्तीनें दोन दांतांच्या चिमट्यासारखा कापलेला इवलासा स्फटिक बहुतेक घड्याळांत सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. हीच संख्या कां, असें कोणी विचारील. दोनास दोननें गुणीत पंधरावा घात काढा. उत्तर ३२,७६८ येईल. म्हणजे या संख्येची पंधरा वेळां निमपट केली कीं बरोबर एक उरतो. घड्याळांतील सूक्ष्म मंडल हेंच भागाकाराचें काम करतें आणि दर सेकंदास विद्युतेचा एक धक्का एका चिमुकल्या मोटरीस देतें. मोटर एक पाऊल फिरते, दांतेरी चाकें हलतात, आणि सेकंदाचा कांटा एक घर पुढें सरकतो.

यावरून घड्याळाचे चार भाग ध्यानांत ठेवावे : शक्ति देणारा सेल, मोजणारा स्फटिक व त्याचें मंडल, ढकलणारी मोटर, आणि कांटे फिरविणारीं चाकें. दोष या चारांपैकीं कोठें तरी असतो.

२. बंद पडलेलें घड्याळ

पहिली गोष्ट अगदीं साधी, पण पुष्कळांच्या नजरेंतून सुटते. घड्याळाच्या बाजूची चावी बाहेर ओढलेली आहे काय, हें पाहावें. वेळ लावण्याकरितां चावी ओढली असतां पुष्कळ घड्याळें मुद्दामच थांबतात. ती आंत दाबली कीं पुन्हां चालूं होतात.

दुसरी गोष्ट, सेकंदाचा कांटा लक्षपूर्वक पाहावा. तो एकेक सेकंदाऐवजीं दोन दोन, किंवा कांहीं घड्याळांत चार चार सेकंदांची उडी घेत असेल, तर तो दोष नव्हे. सेल संपत आल्याची ती सूचना होय. कारखानदारानेंच तशी योजना केलेली असते. कांटा एकाच जागीं थरथरत असेल, तर विद्युतेचे धक्के मोटरीपर्यंत पोंचत आहेत हें निश्चित. म्हणजे स्फटिक व मंडल जिवंत आहेत. अशा वेळीं सेल अशक्त असेल, नाहीं तर चाकांत धूळ वा वाळलेलें तेल अडथळा करीत असेल. कांटा मुळींच हलत नसेल, तर प्रथम संशय सेलाचाच घ्यावा.

सेलाविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. मनगटी घड्याळांत बहुधा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल असतो व त्याचा दाब १.५५ व्होल्ट असतो. फार प्रचलित असा ६२६ क्रमांकाचा सेल ६.८ मिलिमीटर रुंद व २.६ मिलिमीटर जाड असतो. त्याच मापाचा अल्कलाइन सेल स्वस्त मिळतो. परंतु त्याचा दाब हळूहळू उतरत जातो, तर सिल्व्हर ऑक्साइडचा बहुतेक अखेरपर्यंत स्थिर राहतो व मग एकाएकीं खालीं येतो. नांवाच्या आरंभीं 'एसआर' असेल तो सिल्व्हर ऑक्साइडचा व 'एलआर' असेल तो अल्कलाइन, एवढी खूण लक्षांत ठेवावी. दुकानदारास कोणता सेल घातला हें विचारण्यास संकोच करूं नये.

नवा सेल घालूनही घड्याळ चालत नसेल, तर घाईनें "मशीन गेलें" असा निकाल देऊं नये. सेल उलटा बसला नाहीं ना? जुना सेल आंत पाझरून स्पर्शपट्टीवर पांढरा वा हिरवा थर तर जमला नाहीं ना? कांहीं घड्याळांत, विशेषतः आंकडे दाखविणाऱ्यांत, सेल बदलल्यावर 'एसी' अशी खूण असलेली जागा व सेलाची धन बाजू चिमट्यानें क्षणभर जोडावी लागते. तोंपर्यंत मंडल जागें होत नाहीं.

एका विद्यार्थ्याच्या दिवंगत वडिलांचें घड्याळ असेंच निकालांत निघालें होतें. एका दुकानीं "यांत आतां कांहीं उरलें नाहीं" असें सांगून तें पन्नास रुपयांस मागितलें गेलें. आईनें दिलें नाहीं, इतकेंच. पुढें दुसऱ्या एका वृद्ध घड्याळजीनें भिंगांतून पाहिलें, तों स्पर्शपट्टीवर हिरवा थर आढळला. तो खरवडून नवा सेल घालतांच कांटा चालूं लागला. पन्नास रुपयांचा प्रश्न तेथें नव्हताच; त्या घरीं वडिलांची तेवढीच एक वस्तु रोज हाताळण्यासारखी उरली होती.

येथें पालकांस एक कळकळीची सूचना आहे. काढलेला सेल मेजावर वा खिडकींत ठेवूं नये. लहान मुलें तो चकाकता मणी समजून गिळतात. तो अन्ननलिकेंत अडकला तर विद्युतेच्या क्रियेनें दोन तासांच्या आंत आंतील त्वचा गंभीर भाजूं शकते. रुपयाएवढे चपटे लिथियम सेल तर विशेष घातक होत. गिळल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी करविण्याच्या भानगडींत न पडतां मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. उद्यांपर्यंत वाट पाहणें जिवावर बेतेल.

३. चालतें, पण चुकतें

साधें क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्यास सुमारें पंधरा सेकंद पुढें वा मागें जाऊं शकतें, असें कारखानदार स्वतःच सांगतात. त्यास बिघाड म्हणूं नये. परीक्षा करावयाची तर भारतीय प्रमाणवेळेशीं घड्याळ लावावें (ही वेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते) आणि सात दिवसांनीं पुन्हां ताडून पाहावें. एका दिवसाच्या निरीक्षणावरून अनुमान काढूं नये.

सेकंदाचा कांटा अचूक चालतो, पण मिनिटाचा मागें राहतो, असें दिसल्यास स्फटिक निर्दोष आहे; मिनिटाच्या कांट्याची पकड सैल झाली आहे. तारीख दुपारीं बारास बदलत असेल, तर दोष यंत्राचा नसून लावणाराचा आहे. कांटे बारा तास पुढें फिरवावे म्हणजे झालें. तारीख चावीनें थेट बदलावयाची असेल, तेव्हां रात्रीं नऊपासून एक वाजेपर्यंतचा काळ टाळावा, कारण त्या वेळीं तारखेचीं चाकें एकमेकांत गुंतलेलीं असतात. ध्वनिवर्धकाजवळ किंवा लोहचुंबकाची कडी असलेल्या पिशवीजवळ घड्याळ ठेवल्यास मोटर अडखळते. दूर नेलें कीं बहुधा पूर्ववत् चालते व वेळ मात्र पुन्हां लावावी लागते.

पाण्याविषयीं मोठा गैरसमज आहे. '३० मीटर' असें लिहिलेलें घड्याळ तीस मीटर खोल पाण्यांत नेण्यासाठीं नव्हे. हात धुतांना उडणारे शिंतोडे व पावसाचे थेंब तें सहन करील, एवढाच अर्थ घ्यावा. कांचेच्या आंत बाष्प दिसल्यास तें उन्हांत वा तव्याजवळ तापवूं नये. त्याच दिवशीं घड्याळजीकडे नेऊन उघडून सुकवावें व झांकणाचें रबरी कडें बदलावें.

४. अस्सल कीं बनावट

आतां दुसरा प्रश्न. आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्वस्त घड्याळ म्हणजे खोटें घड्याळ नव्हे. जें आपल्याच साध्या नांवानें विकलें जातें, तें दोनशे रुपयांचें असलें तरी प्रामाणिक आहे. जें दुसऱ्याचें नांव धारण करतें तें बनावट, मग तें कितीही सुंदर दिसो. भारतांत १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणें खोट्या चिन्हाचा माल विकणें हा शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे.

लोकांत एक समज रूढ आहे कीं, सेकंदाचा कांटा टकटक चालला तर घड्याळ नकली व सरकत गेला तर अस्सल. हा नियम अर्धवट आहे. एखादें घड्याळ चावीचें किंवा स्वयंचलित म्हणून विकलें जात असतां कांटा सेकंदास एकच उडी घेत असेल, तर संशयास सबळ कारण आहे. परंतु रोलेक्स कंपनीनेंच १९७७ सालीं 'ऑयस्टरक्वार्ट्‌झ' हें टकटक चालणारें घड्याळ काढलें होतें. उलट, बुलोव्हाच्या 'प्रिसिजनिस्ट' या क्वार्ट्‌झ घड्याळाचा कांटा सेकंदास सोळा पावलें टाकतो व सरकल्यासारखा दिसतो. सबब प्रथम विचारावें, हें घड्याळ स्वतःस काय म्हणवितें? मग त्या म्हणण्याशीं त्याचें वर्तन जुळतें काय, हें पाहावें.

पाठीवरील अंक हा दुसरा साक्षीदार. सेइकोच्या घड्याळांचें उदाहरण घेऊं. पाठीवरच्या जोड क्रमांकांतील पहिलीं चार अक्षरें यंत्राचा प्रकार सांगतात. निराळ्या अनुक्रमांकांतील पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो व दुसरा महिना दाखवितो : एक ते नऊ हे जानेवारी ते सप्टेंबर, आणि पुढें 'ओ', 'एन', 'डी' हीं इंग्रजी अक्षरें ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर यांकरितां. अनुक्रमांक '८एन' असा सुरू होत असेल, तर घड्याळ आठानें संपणाऱ्या एखाद्या वर्षीं, नोव्हेंबरांत झालें. विकणारा जर २०१५ सालचें म्हणून सांगत असेल व "त्याच वर्षीं कारखान्यांतून निघालें" असाही आग्रह धरील, तर दोन साक्षी परस्परविरुद्ध झाल्या.

इतिहासही असाच उपयोगी पडतो. आपल्या देशांत सरकारी एचएमटी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं बंगळूर येथें घड्याळें बनविण्यास आरंभ केला, पण त्यांचें क्वार्ट्‌झ घड्याळ १९८१ सालीं आलें. मग "आजोबांचें १९७० सालचें एचएमटी क्वार्ट्‌झ" कोणी दाखविल्यास एक तर स्मृति चुकली, नाहीं तर विक्रेता. जुन्या बाजारांत तबकडी नव्यानें रंगवून विकलेलीं घड्याळेंही आढळतात. आंतील यंत्र खरें, पण मुखवटा निराळा.

तिसरी परीक्षा कामाची. मोठ्या तबकडीवर तीन लहान तबकड्या असून त्या कालमापनाच्या आहेत असें दाखविलें असेल, तर बाजूचीं बटणें दाबून पाहावीं. बटणें केवळ शोभेचीं निघालीं, किंवा त्या तबकड्या वार व तारीख दाखवूं लागल्या, तर उघडच सोंग आहे. कॅसिओच्या १९८९ पासूनच्या प्रसिद्ध 'एफ-९१डब्ल्यू' घड्याळांत उजवें बटण सुमारें तीन सेकंद दाबून धरलें असतां पडद्यावर कंपनीचें नांव उमटतें. न उमटल्यास मोठी शंका येते. परंतु उमटलें म्हणून निर्धास्त होऊं नये, कारण जी खूण सर्वांस ठाऊक झाली तिची नक्कल करणारेही निघतात.

शब्दांचाही अर्थ तोलून पाहावा. 'जपान मूव्हमेंट' याचा अर्थ केवळ आंतील यंत्र जपानी. घड्याळ कोणी जुळविलें हें त्यावरून कळत नाहीं. खऱ्या यंत्रावर खोट्या नांवाची तबकडी सहज बसते. 'स्विस मेड' ही मात्र कायद्यानें बांधलेली संज्ञा आहे : यंत्र स्विस असावें, जुळणी व अखेरची तपासणी स्वित्झर्लंडांत व्हावी, आणि १ जानेवारी २०१७ पासून उत्पादनखर्चाचा निदान साठ टक्के भाग तेथील असावा. अर्थात् हे दोन शब्द छापणें बनावट करणारासही अशक्य नाहीं.

सारांश, अक्षरांची छपाई, अंकांची मांडणी, पाठीवरील क्रमांक, बटणांचें काम, आंतील यंत्रावरचें नांव, विक्रेत्याची पावती व मागितलेली किंमत, हे सर्व साक्षीदार एकत्र बोलवावे. एकाच साक्षीवर कोणास दोषी ठरवूं नये व निर्दोषही ठरवूं नये. झांकण उघडण्याचें काम मात्र घड्याळजीच्या समोर बसून त्याच्याच हातून करवावें.

बाळांनो, खोट्या तराजूचा निषेध पवित्र शास्त्रानें केला आहे. तराजूस लागू तें घड्याळासही लागू. मित्राच्या मनगटावरील घड्याळ नकली असेल, तर वर्गांत त्याची थट्टा करूं नका. बहुधा तो किंवा त्याचे वडील फसलेले असतात, फसविणारे नव्हेत. परंतु जाणूनबुजून खोट्या नांवाचें घड्याळ मिरविणें व जाणूनबुजून तें विकणें यांपासून दूर राहा. साधें घड्याळ वापरा, त्याची निगा राखा, आणि तें बंद पडलें तर प्रथम चावी आंत आहे ना, एवढें पाहून मगच बाजाराची वाट धरा.