नदीकाठच्या बंगल्याचा करार

कॅम्प ५, उल्हासनगर

चि. मेघना,


बदलापूरला उल्हास नदीलगतचा बंगला सामानासकट ११ महिन्यांसाठी भाड्याने घेतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. मालक भला आहे, तोंडी ठरलंय, असं म्हणालीस म्हणे. भला असेलच, पण उद्या त्याच्या मुलाशी बोलायची वेळ आली, तर काय ठरलं होतं हे कोण सांगणार? आपल्या कॅम्पात बराकींतल्या कितीतरी खोल्या कच्च्या कागदावर हातोहात गेल्या आणि पुढच्या पिढीने हेलपाटे घातले. म्हणून हा आग्रह.

११ महिन्यांना नोंदणी लागत नाही, असं दलाल सांगेल. ऐकू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची. भाडं २०,००० आणि अनामत १ लाख धरली तरी मुद्रांक शुल्क ६०० रुपयांच्या आत बसतं.

खरी मेख सामानात आहे. 'दोन सोफे, एक कपाट' एवढ्यावर भागवू नकोस. कपाटाचं दार लागतं का, गादीला डाग आहे का, गिझर चालतो का, हे एकेका वस्तूपुढे लिही. फोटो काढ, यादीवर तुम्हा दोघांच्या सह्या घे आणि ती करारालाच जोड. रोजच्या वापराची झीज अनामतीतून कापायची नाही, बोअरचा पंप जळाला तर दुरुस्ती मालकाची, अनामत किल्ल्या देतानाच परत, हेही करारात येऊ दे. वीजमीटरचं रीडिंग पहिल्याच दिवशी टिपून ठेव.

आता पाण्याचं. २६ जुलै २००५ चा पूर विसरण्यासारखा नाही. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. भिंतींच्या ताज्या रंगावर जाऊ नकोस. त्या दोन्ही वेळी पाणी कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचार. पुरात सामान भिजलं तर नुकसान मालकाचं, घर राहण्यालायक नसेल तेवढ्या दिवसांचं भाडं नाही, आणि महिन्याच्या नोटिशीवर तुला घर सोडता येईल, ही तिन्ही कलमं घालून घे. तिसऱ्याला मालक कां-कूं करेल. तिथे मागे हटू नकोस. हवं तर भाड्यात थोडं नमतं घे.

सहीआधी मसुदा मला पाठव. रविवारी मी बदलापूरला येतो, यादी मिळून करू.

तुझा,
मामा