यंत्रयुगातील मनःस्वास्थ्य

मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर, रायपूरच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, भिलाई येथे पोलादाचा कारखाना आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार तो उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. खनिजापासून लोखंड कसे तयार होते, हे वाचकांनी शालेय पुस्तकांत वाचलेच असेल. येथे विचार करावयाचा आहे तो त्या भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनाचा.

झोतभट्टीचा एक गुणधर्म प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. ती एकदा पेटविली म्हणजे वर्षानुवर्षे अखंड चालू ठेवावी लागते. वरून खनिज, कोक आणि चुनखडी पडत राहावयाची. खालून तप्त हवेचा झोत येत राहावयाचा. हा झोत थांबून भट्टी फार काळ थंड पडली, तर आतील लोहरस व मळी गोठून सर्व यंत्रणाच निकामी होण्याचे भय असते. म्हणून भट्टीला रात्र नाही, सण नाही आणि सुटीही नाही. माणसाला मात्र या तिन्हींची आवश्यकता असते. ही तफावत मिटविण्यासाठी मनुष्याने जी युक्ती काढली, तिचे नाव पाळी.

पाळी कागदावर मांडणे सोपे आहे. शरीराला ती मान्य करावयास लावणे कठीण. आपल्या शरीरात एक जैविक घड्याळ असते आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते दिवसरात्रीशी जुळलेले राहते. त्याचे कार्य पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली उतरते आणि सावधपणाही मंदावतो. नेमक्या त्याच वेळी रातपाळीच्या कामगाराला तप्त धातूवर नजर ठेवावी लागते. सकाळच्या पाळीच्या तुलनेने रातपाळीत अपघाताचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक असतो, असे निरनिराळ्या उद्योगांतील पाहण्यांवरून दिसून आले आहे.

रातपाळी संपवून घरी आलेल्या माणसाची दिवसाची झोप तोकडी व खंडित असते. रायपूरच्या बाजूस मे महिन्यात तापमापक ४० अंशांच्या वर जातो. भर दुपारी पडदे ओढून निजणाऱ्याची काय अवस्था होत असेल, हे विदर्भातील वाचकांस वेगळे सांगावयास नको. अशी झोप महिनोन् महिने मोडत राहिली, की चिडचिड, विस्मरण व उदासीनता ही ओघानेच येतात. घरची मंडळी त्याला स्वभाव म्हणतात. पुष्कळदा ते केवळ निद्रेचे कर्ज असते. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा ठेवला, तर उलट क्रमापेक्षा शरीराला तो अधिक सोसतो. भट्टीत काहीही न बदलता करता येण्याजोगी ही सुधारणा आहे.

परंतु सर्वच दोष निद्रेच्या माथी मारता येत नाही. दिवसा काम करून रात्री स्वस्थ झोपणाऱ्याचे मनही कित्येकदा नव्या यंत्रापुढे विटून जाते. याचा बोधप्रद शोध अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत लागला. १९५२ साली तेथे स्वयंचलित माग बसविण्यात आले. माग उत्तम होते; तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना आणि कापडात दोष राहू लागले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस १९५३ साली तेथे आले. त्यांना असे आढळले, की २२४ मागांवर सुमारे तीस माणसे असून त्यांची कामे १२ प्रकारांत वाटली आहेत. कोणी केवळ तुटलेला धागा सांधावयाचा, कोणी केवळ तेल घालावयाचे. कोणाला कोणाचा सोबती म्हणावे, याचा पत्ता नव्हता. मग लहान लहान तुकड्या करून प्रत्येक तुकडीकडे ठरावीक माग सोपवावे, अशी सूचना पुढे आली. विशेष हे, की त्या तुकड्यांत कोणी कोणाबरोबर असावे, हे कामगारांनी आपसांत ठरविले. त्यानंतर उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते. बदलली होती ती मांडणी.

पुढे १९७९ साली अमेरिकेतील रॉबर्ट करासेक यांनी हाच अनुभव सूत्ररूपाने मांडला. कामाचा बोजा अधिक, पण ते कसे व केव्हा करावयाचे यावर माणसाचा ताबा नाही, अशा ठिकाणी मनावर सर्वाधिक ताण पडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बोजा मोठा असूनही ताबा आपल्या हाती असेल, तर तेच काम शिकविणारे ठरू शकते. ज्वारीची कापणी करणारा शेतकरी कारकुनाहून कमी राबत नाही; पण केव्हा टेकावयाचे, हे तो स्वतः ठरवितो.

यंत्र येणार म्हटल्याबरोबर जी भीती वाटते, तिचाही याच ताब्याशी संबंध आहे. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत हजारो स्त्रीपुरुष घण व पहार घेऊन दगड फोडीत. तेथे १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. खाणींचे यांत्रिकीकरण करण्याची योजना पुढे येताच संघाने नुसता नकार दिला नाही. अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. जी कामे यंत्राने करावयाची ती यंत्राने व्हावीत, पण हातांची भाकरी, विशेषतः स्त्रियांची, जाऊ नये, असा त्यामागील विचार होता. याच संघाने दारूविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८३ साली शहीद रुग्णालय सुरू केले. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे हत्या झाली. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतील. परंतु ज्याच्यावर यंत्र येऊन आदळणार, त्याने त्याची रचना ठरविताना बोलावे, ही गोष्ट मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. बँकांतील संगणकीकरणाविषयीही १९८३ साली कर्मचारी संघटना व बँकांची संघटना यांच्यात करार झाला होता, हे येथे आठवते.

आता रायपूर शहराकडे वळू. १ नोव्हेंबर २००० रोजी हे शहर नव्या राज्याची राजधानी झाले. नागपूर १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतात रायपूर असल्यामुळे येथे पिढ्यान् पिढ्या वस्ती केलेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांतील पुष्कळ जण आज कचेऱ्या, बँका, रुग्णालये व महाविद्यालये यांत काम करतात. त्यांच्यासमोर भट्टी नाही. खिशात भ्रमणध्वनी आहे. रात्री अकरा वाजता वरिष्ठांचा संदेश येतो आणि जेवण आटोपलेला माणूस पुन्हा कामावर रुजू होतो. येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. झोतभट्टी विझविता येत नाही, ही धातुविज्ञानाने घातलेली अट आहे. रात्रीच्या संदेशाला तत्काळ उत्तर द्यावे, ही अट कोणत्याही विज्ञानाने घातलेली नाही. ती सवयीने घातली आहे. भट्टीवरच्या कामगाराची पाळी भोंग्याबरोबर संपते तरी. खिशातल्या कामाची पाळी संपतच नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ५० वा अधिक नोकरदार असलेल्या संस्थांत कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काविषयी वाटाघाटी करणे कायद्याने आवश्यक झाले आहे. त्यातच आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. आपले काम उद्या यंत्र करील काय, ही जुन्या खाणकामगाराची शंका आज टंकलेखन, हिशेब व भाषांतर करणाऱ्यांच्याही मनात डोकावू लागली आहे.

अशा दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेचे वर्णन जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात केले. तिची लक्षणे तीन: शक्ती संपल्याची जाणीव, कामाविषयी अलिप्तता वा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटनेने हिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणाशी संबंधित अवस्था म्हटले आहे. म्हणजे उपाय शोधावयाचा तो केवळ माणसाच्या मनात नव्हे, कामाच्या मांडणीतही. आठवड्यास ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांहून सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असा निष्कर्ष २०२१ साली याच संघटनेने व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रसिद्ध केला.

तथापि थकवा आणि आजार यांची गल्लत होऊ देऊ नये. उदासीनता, निद्रानाश वा भीती दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, सुटी घेऊनही ओसरली नाही, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर वैद्यकीय साहाय्य घेण्यास विलंब करू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत छत्तीसगढचाही समावेश होता. तीत पाहणी केलेल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता तरी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांपासून दूर होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा चालू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, हिंदीप्रमाणेच मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.